हाताची स्वतःची प्रत

भागूबाईंच्या उजव्या यंत्रहाताने काल तेलाची वाटी धरली, ती सोडलीच नाही. मांडीवर दुसऱ्याचं तान्हं बाळ होतं. बाळंतिणींच्या घरी जाऊन बाळांना न्हाऊ घालणं हेच त्यांचं काम. आज त्या दुरुस्ती केंद्रात आल्या.

"मावशी, हा दोष सगळ्याच हातांत होता," तिथली तंत्रज्ञ मृण्मयी थकल्या आवाजात म्हणाली. "बाकीचे हात स्पर्शाचं ज्ञान सामायिक लायब्ररीतून, म्हणजे सगळ्यांच्या एकाच साठ्यातून घेतात. ती दुरुस्त केली आणि ते सगळे बरे झाले. तुमच्या जुन्या हातात लायब्ररीची स्वतःची प्रत आहे. तिच्यापर्यंत दुरुस्ती पोचत नाही."

"मग तीच नीट कर की."

"ती बनवणारी कंपनीच बंद पडली. प्रत काढून हात सामायिक लायब्ररीला जोडता येईल."

"आणि इतकी वर्षं हा बाळांच्या अंगावरनं शिकलाय, ते गं?"

"ते त्या प्रतीतच आहे. तिच्याबरोबर जाईल."

भागूबाईंनी यंत्रहात तिच्यासमोर टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "काढ. उद्या एखाद्या लेकराची मान ह्याच्या मुठीत अडकली तर?"

जोडणी झाल्यावर मृण्मयीने गाल पुढे केला. भागूबाईंनी त्यावरून बोटं फिरवली. स्पर्श नेमका होता, हलका होता, आणि पूर्ण परका होता.

"अगं बाई, हा तर हापिसातला हात दिलास!" त्या म्हणाल्या. मृण्मयीला हसू आलं, पण टिकलं नाही.

"मग आता काम बंद?"

"बंद कशाला? बाळाला माझा स्वतःचा डावा धरेल. ह्यानं नुसतं पाणी ओतायचं."