दोन क्लिकमधलं अंतर

“बघ, परत क्लिक नाही लागलं,” उमसुनाय एजे म्हणाली; एजे म्हणजे मोठी ताई, सगळे तिला तसंच म्हणत. उजवा हात माउसवरून उचलून तिनं तिलेकसमोर धरला. हात थरथरत होता. “आता हा हात गाड्या वाटायच्या कामाचा राहिला नाही रे.”

तिलेकनं कोट न काढताच खुर्ची ओढली. बिश्केकमध्ये त्या सकाळी कोळशाच्या धुरानं समोरची इमारत दिसत नव्हती. टॅक्सी कंपनीच्या या खोलीत सगळे फोन एकदम वाजत होते. इथला गाड्या वाटायचा प्रोग्रॅम त्यानंच लिहिला होता आणि तेव्हापासून तो त्याचीच ठिगळं लावत फिरत होता.

पडद्यावर गिऱ्हाइकांची नावं होती. नावावर एकदा क्लिक केलं की पत्ता दिसायचा, लागोपाठ दोनदा केलं की गाडी निघायची. थंडी सुरू व्हायच्या आधी काही गाड्या भलतीकडे गेल्या. फोन घेणाऱ्या बायका पत्ता पुन्हा बघायला क्लिक करत, प्रोग्रॅम दोन्ही क्लिक जोडून गाडी सोडून देई. मालक काद्यरनं तिलेकला बोलावून घेतलं आणि सगळ्यांसमोर झापलं.

प्रोग्रॅम सुरू होताना सगळ्यात आधी वाचली जाणारी एक फाइल असते. अक्षर केवढं, भाषा कोणती, आवाज करायचा की नाही, हे तिथं एकदा ठरलं की प्रत्येक खिडकी निमूटपणे पाळते. दोन क्लिकमध्ये किती वेळ गेला तर चालेल, तेही तिथंच ठरतं. तिलेकनं तो वेळ निम्म्यावर आणला. एक आकडा बदलायचा होता. त्यानं तो बसल्या जागी बदलला आणि विसरून गेला.

गाड्या चुकायच्या थांबल्या. पण आता हात जरा सैल पडला की प्रोग्रॅमला ते दोन सुटे क्लिक वाटू लागले. बायका पुन्हा पुन्हा टकटक करत राहिल्या. गिऱ्हाईक फोनवर ताटकळायचं आणि तो उशीर बाईच्या नावावर लागायचा. ज्यांचा उशीर जास्त, त्यांना महिनाअखेरीला घरी बसवायचं, असा काद्यरचा नवा नियम होता.

जमाल नावाच्या मुलीनं त्याच्याकडे तक्रार केली होती. “हात चालत नसेल तर घरी जा आणि बोरसोक तळ,” काद्यर म्हणाला आणि तिला त्याच दिवशी काढलं. त्यानंतर कुणी तोंड उघडलं नाही. त्यांच्यातल्या बुरुलनं एकदा जिन्यात तिलेकला दबक्या आवाजात क्लिकचं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, “ते सगळ्या प्रोग्रॅमचं सेटिंग आहे, ताई. मालकाला विचारा.” तो दमलेला होता, आणि उत्तर खोटंही नव्हतं.

“एजे, हात नाही हो, माउस म्हातारा झालाय तुमचा,” आता शेजारच्या खुर्चीवरून बुरुल म्हणाली. तिच्या मनगटाला लोकरीची पट्टी गुंडाळलेली होती.

“माउस कालच आणलाय गं. या खोलीत जुनी एकटी मीच.” एजे तिलेककडे वळली. “काही होईल का, पोरा? मालकाला सांगू नकोस.”

तिलेकला तिची दया आली. गाड्या रेडिओवरून वाटल्या जायच्या, तेव्हापासून ती या खोलीत होती. पण सगळ्यांच्या सेटिंगला हात लावला आणि एखादी गाडी पुन्हा चुकली, तर काद्यर त्यालाही जिना दाखवणार होता. तो विचार करत बसला. मग त्याला वाट सापडली. प्रत्येक बाईच्या मशीनवर प्रोग्रॅम तिच्या नावानं उघडायचा. त्यानं त्या पहिल्या फाइलमध्ये एक अट घातली: समोर उमसुनाय बसली असेल, तरच दोन क्लिकमधला वेळ वाढव.

जेवणाच्या सुट्टीआधी काम झालं.

“आता करा, एजे. सावकाश करा.”

टक. मग, जरा थांबून, टक. गाडी निघाली.

“आणि या पोरींचं?” एजेनं विचारलं.

“त्यांचं आहे तसंच. फक्त तुमच्यासाठी केलंय. मालकाला पत्ताही लागणार नाही.” ती आता दुवा देईल, असं त्याला वाटलं. बऱ्याच दिवसांनी त्याच्या हातून कुणाचं तरी भलं झालं होतं.

एजेनं मान वळवली. शेजारी बुरुलची टकटक चालू होती. फोनवरचं माणूस तिच्यावर ओरडत होतं आणि ती “हो, हो, निघतेय गाडी” म्हणत होती.

एजेनं काठोकाठ भरलेली किटली एका हातानं उचलली आणि तिलेकच्या पियाल्यात चहा ओतला. बारीक, सरळ धार. टेबलावर एक थेंब सांडला नाही.

तिलेक त्या हाताकडे बघत राहिला.

“शुक्रवारी माझा शेवटचा दिवस. सोमवारपासून पेन्शन,” ती हळू आवाजात म्हणाली. “मला कोण काढणार? म्हणून या पोरींसाठी थरथरला तो माझा हात.”

तिलेकनं चहा बाजूला सरकवला. फाइल पुन्हा उघडली, अटीतून तिचं नाव काढलं, मग अटच काढली; वाढवलेला वेळ आता सगळ्यांनाच लागू झाला. काचेपलीकडच्या आपल्या खोलीत काद्यरनं मान वर केली होती. तिलेक उभा राहिला आणि त्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

“प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू करा. सगळ्यांनी.”