शेवटची पायरी

नापास झाली तर तिचं अख्खं वर्ष बुडणार होतं. बदल्यात तिला हवी होती लाल शाईतली एकच ओळ. आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला कॉलेजबाहेरचे म्हणून आलेले परीक्षक गावातले बडे आर्किटेक्ट होते. तिच्या जिन्याच्या नकाशावर बोट ठेवून त्यांनी सगळ्या वर्गासमोर तिची सालटी काढायला घेतली.

"शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा दोन इंच उंच? वरच्या फरशीची जाडी धरायला विसरलात. माणसं पाडायचा कारखाना काढलाय का, बाई?"

"बघून चाललं तर नाही पडणार, सर."

"पाय सवयीनं चालतात. कुणी पडलं तर दोष जिना काढणाऱ्याचाच."

"तेवढं शेऱ्यात लिहाल, सर?"

त्यांनी तावातावानं लिहिलं, खाली झोकात सही ठोकली आणि शून्य दिलं.

संध्याकाळी तिनं तो नकाशा वकीलबाईंच्या टेबलावर उलगडला, सरांच्याच जुन्या पत्राशेजारी: 'आम्ही बांधलेल्या जिन्यात दोष नाही. तुमच्या वडिलांनी बघून चालायला हवं होतं.' तिनं आपल्या इमारतीचा जिना जसाच्या तसा काढला होता, आणि तो काही सरांना ओळखू आला नव्हता.

वडिलांचं खुब्याचं हाड आणि लेकीचं वर्ष, एवढं भरून झालं होतं. उरलेलं आता सर भरणार होते.