रिकाम्या खुर्चीपुढचं पाणी

हॉलिवूडजवळच्या बरबँकमधल्या पटकथा वर्गात मी एकच गोष्ट पक्की शिकलो: दुसऱ्याचं आपलं म्हणून खणखणीत सांगायचं. गोष्ट माझ्या वर्गमैत्रिणीची, ल्युपेची होती; तिच्या आईच्या मरणाची. टाइप करणं तेवढं माझं. तरी पटकथेच्या पहिल्या पानावर मी माझं एकट्याचंच नाव ठेवलं आणि सकाळी तिला फोन करून सांगितलं, "आजची स्टुडिओतली मीटिंग रद्द झाली गं."

स्टुडिओतल्या बाईंनी रिवाजाप्रमाणे आधी पाणी आणलं. एक बाटली माझ्यापुढे ठेवली, दुसरी शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढे.

मी गोष्ट सांगू लागलो. समोर बसलेले स्टुडिओचे तिघे अगदी हव्या त्या जागी हसत होते, पण बघत होते त्या खुर्चीकडे.

"घाम पुसा हो, ऑस्कर," त्यांची साहेबीण रोंडा म्हणाली. "छान चाललंय की दोघांचं!"

दुसऱ्या बाटलीतलं पाणी निम्म्यावर आलं होतं.

शेवटाशी रोंडाने मला हातानेच थांबवलं आणि रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं. "आईचं मरण यांना सांगू द्या. ते तुम्हाला नाही जमायचं."

खोलीत कसलाही आवाज नव्हता, तरी तिघे माना हलवत ऐकत होते. रोंडाचे डोळे भरून आले. मग कुठल्याशा वाक्यावर तिघेही दचकले आणि त्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं, मग पहिल्या पानावरच्या माझ्या एकट्याच्या नावाकडे.