सहावी चूक

राजेश्वरीनं एन्टर दाबलं आणि पडद्यावर ओळी धावू लागल्या. आता एकच चूक उरली होती. ती सुटली, की माहेरी, मुरुमला थांबायला तिच्याकडं कारण उरणार नव्हतं.

तिचे वडील लिंबाजी खुर्ची ओढून शेजारी बसले होते. लाईनमनची नोकरी संपल्यावर त्यांना संगणकाचा नाद लागला होता. गच्चीवरच्या सोलरची उरलेली वीज वाया जाऊ नये, म्हणून जुन्या लिनक्स मशीनवर त्यांना डिजिटल नाणी काढणारा मायनिंगचा प्रोग्राम चालवायचा होता. आणि तो काही केल्या बिल्ड होत नव्हता, चालण्याजोगा तयारच होत नव्हता.

"अडलं का, राजी?"

"अडलं. कंपायलरनं सगळे तुकडे नीट केलेत, आबा. ते जोडणारा लिंकर थांबलाय. एका लायब्ररीचं, म्हणजे तयार कोडच्या गठ्ठ्याचं नाव यादीत आहे, पण ती सापडत नाही म्हणतोय."

"म्हंजी पत्रिकेत नाव हाय अन् मांडवात माणूस न्हाय."

ती हसली. किती दिवसांनी, ते तिलाही आठवेना.

चुका सहा होत्या, प्रत्येक एकेका न सापडणाऱ्या लायब्ररीची. लग्नाआधी ती हेच काम करायची. सहाही एका दुपारीत सुटल्या असत्या. तिनं दिवसाला एकच सोडवली.

मंगळवारी, चौदा तारखेला, संध्याकाळी पाच वाजता ती नवऱ्याला, रणधीरला, तोंडावर सांगून त्याचं घर कायमचं सोडून निघाली होती आणि सोलापूरच्या एसटी स्टँडवर एका बाकावर बसून राहिली होती. माहेरची गाडी समोर लागली होती, पण पाय उचलत नव्हता. आई गेल्यापासून आबा हळवे झाले होते. हे ऐकून ते कोसळतील, याचीच तिला धास्ती होती. सातच्या ठोक्याला त्यांचाच फोन आला.

"राजी, मशीन लई अडलंय बघ. येतीस का? अन् कपडे जास्तीच आण, काम मोठं हाय."

देवच धावला, असं तिला वाटलं.

या सहा दिवसांत आबांनी रणधीरचं नावसुद्धा काढलं नव्हतं. मशीनच्या नादात राहिलं असेल, म्हणून ती निर्धास्त होती.

शेजारच्या कमलबाई दारातून डोकावल्या. "पडली का न्हाय नाणी? चाळण घिऊन येऊ?"

"पडली की पयली तुमच्याच पदरात," आबा म्हणाले.

"पदर ऱ्हाऊ द्या. जावई कधी येणार लेकीला न्यायला?"

राजेश्वरीची बोटं थांबली.

"जावयाचं काय घिऊन बसलाव! मशीन नीट होईस्तोवर मीच सोडत न्हाय तिला. गावात दुसऱ्या कुणाला जमतंय व्हय हे?"

"ते बी खरंच," म्हणत कमलबाई गेल्या. आबा चहा टाकायला आत गेले.

राजेश्वरीनं मनाशी ठरवलं. चूक सोडवायची, चहा घ्यायचा आणि आबांना सगळं सांगून टाकायचं. त्यांचा हात हातात धरूनच सांगायचं.

या मशीनवर आधी कोणत्या आवृत्तीची लायब्ररी होती, ते पाहायला तिनं नोंद उघडली. काय कधी बसवलं, काय कधी काढलं, ते लिनक्स मिनिटासकट लिहून ठेवतं.

आतून आबांचा आवाज आला. "सावकाश कर गं. घाई न्हाय."

सहाही लायब्ऱ्या वर्षापूर्वीच बसवलेल्या होत्या. मग त्या एकेक करून काढल्या होत्या. पहिली सहा वाजून चाळीस मिनिटांनी, शेवटची सहा पंचावन्नला. वार मंगळवार, तारीख चौदा. काढणारा: लिंबाजी.