जेवणाचा बाक

"चौघींसारखं राहावं गं, म्हणजे कुणी बोट दाखवत नाही." आईचा तो आवाज शर्टांना बटणांची काजं करणाऱ्या काजवालीच्या कानात अजून होता.

तिच्या शिवणाच्या कारखान्यात एक नवी मुलगी आली. तिची काजं अशी, की कापडाला रेखीव डोळे फुटावेत. मास्तर म्हणाले, "हात बघा हिचा." वीस वर्षं हे शब्द काजवालीच्या वाट्याचे होते.

महिनाभरात जेवणाच्या सुट्टीत नवीच्या बाकावर डबा उघडायला कुणी उरलं नाही. तिनं काम सोडलं. निघताना ती काजवालीपाशी थांबली.

"मावशी, मी सगळ्यांचं काय बिघडवलं होतं?"

"काय की. सगळ्या तुझ्या बाकावरून उठल्या, म्हणून मीही उठले."

नवी दाराकडे वळली. काजवालीनं तिचं मनगट धरलं.

"खोटं बोलले, बाई. पहिली मीच उठले. बाकीच्या माझ्यामागून उठल्या."