टिपक्या

जाळं एवढं जड बऱ्याच दिवसांत लागलं नव्हतं. कमरेएवढ्या पाण्यातून रामजीने ते ओढत काठाला आणलं, तशी त्याची बायको मालन टोपली घेऊन पुढे झाली. गेले दोन पावसाळे गावच्या या तळ्यात ना शिंगटी मिळत होती, ना मरळ. खेडच्या बाजारात मालनच्या जागेवर आता एक भाजीवाली बसायला लागली होती.

जाळं चिखलावर पसरलं आणि दोघंही वाकून बघायला लागली.

आत मासे होते, पण ओळखीचा एकही नव्हता. काळे, अंगभर पिवळट ठिपके, खवल्यांच्या जागी टणक कवच, तोंड खाली पोटाकडे. काही हातभर, काही बोटाएवढे. त्यांचे काटे जाळ्यात रुतले होते. सोडवायला गेलं की जाळंच फाटत होतं.

"अवो, ह्यो मासाच हाय ना?" मालनने विचारलं.

"पाण्यात गावला, म्हंजे मासाच," रामजी म्हणाला. पण त्याने हात लावला नाही.

मालनने एक उचलून दगडावर धरला आणि त्याच्यावर कोयता चालवला. पातं कवचावरून घसरलं. पुन्हा जोर केला, तर तिच्याच अंगठ्याला लागलं. मासा दगडावर तसाच पडून राहिला, तोंड उघडत, मिटत.

जाळं कापून मालनने मासे टोपलीत भरले. रामजीने फोटो काढून मुंबईला मुलाला, राजेंद्रला पाठवला. लगेच व्हिडिओ कॉल आला. फोनवर दिसली ती नात राही, शाळेच्या गणवेशात, एकच वेणी घातलेली.

"आजी, या तर माझ्या टिपक्या."

"कुठल्या गो टिपक्या?"

"काचेच्या पेटीतल्या. आजोबा, आपण सोडल्या होत्या ना, सुट्टीत?"

रामजीला आठवलं. तीन वर्षांपूर्वी राजेंद्रने जागा बदलली, नव्या खोलीत काचेची पेटी मावेना. बाकीचे मासे शेजाऱ्यांनी नेले. उरलेले हे दोन राहीने बरणीत घालून, मांडीवर धरून गावापर्यंत आणले होते. इथेच, याच काठावर, ती घसरू नये म्हणून त्याने तिचं मनगट धरलं होतं.

"त्या दोनच होत्या," तो म्हणाला.

"मग बाकीची पिल्लं." राहीने फोन अगदी डोळ्यांजवळ घेतला. "पप्पा, माझ्या माशांना पिल्लं झाली. आजी, मोठ्या दोघींना माझ्याकडे वळव ना."

मालनने टोपली कॅमेऱ्यासमोर धरली. तिला हसू आलं. आपण का हसतोय, ते तिचं तिलाच कळेना.

मग राजेंद्रने फोन घेतला. तो दुसरीकडे काहीतरी वाचत असावा. "बाबा, ते परत पाण्यात सोडू नका. दुसऱ्या माशांची अंडीसुद्धा खातात म्हणे. काठ पोखरतात."

रामजीने काठाकडे पाहिलं. बिळंच बिळं होती. तो आजवर खेकड्यांवर चिडत होता.

"मग करू काय?"

राजेंद्र बाजूच्या खोलीत गेला. आवाज खाली आला. "मारून पुरायचे, असं लिहिलंय."

"आनि पोरीला काय सांगू?" मालनने विचारलं.

मागून राहीचा आवाज आला, "पप्पा, आजीनं त्यांना सोडलं का पाण्यात?"

"मी नंतर करतो," म्हणून त्याने फोन ठेवला.

रामजीने काजूच्या झाडाजवळ खड्डा खणला. मालनने टोपली त्यात उलटी केली. फावडंभर माती उचलून तो खड्ड्याच्या तोंडाशी आला आणि थांबला.

"जिवंत हायत अजून."

"मरतील. पान्याभायेर मासा किती येळ राहनार?"

दोघं खड्ड्याच्या कडेला बसली. मालनने जन्मभर मासे विकले होते, कापले होते, पण एखादा मरायची वाट बघत ती कधी बसली नव्हती. मासे जाळ्यातून काढता काढताच मरायचे. तिचं लक्षही नसायचं. हे मात्र एकमेकांवर पडून होते आणि त्यांचे कल्ले हलत होते.

"तवा त्यांना मारायचं तिच्या जिवावर आलं," ती म्हणाली. "चांगलंच केलं ना पोरीनं?"

"चांगलंच केलं."

"मग ह्ये आसं कसं झालं?"

रामजीने फावड्यावरची माती बाजूला झटकली. त्यालाही तेच विचारायचं होतं, पण विचारायचं कोणाला, ते कळत नव्हतं. समोर तळं नेहमीसारखंच स्वच्छ आणि शांत दिसत होतं. आत किती असतील, काठावरून काही कळत नव्हतं.

झाडाची सावली सरकली. खड्ड्याच्या अर्ध्या भागात ऊन आलं. तिकडचे मासे वाळून राखाडी दिसायला लागले, तरी त्यांचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. रामजीने पुन्हा फावडं उचललं, पुन्हा ठेवलं.

मालन उठली. काठाशी गेली, वाकली आणि ओंजळ भरून घेऊन आली. पाणी तिने खड्ड्यात सोडलं. परत गेली, परत आणलं. तिसऱ्या खेपेला रामजीने तिच्याकडे पाहिलं.

"मालन, काय करतेस गो?"

ती आपल्या ओल्या हातांकडे बघत राहिली.

"ऊन लागतंय त्यांना," ती म्हणाली.