उकडलेला कापूस

"एका वेळी एकच गोष्ट बदलायची, पोरा. दोन बदलल्यास तर बूट सांगणार नाही तुला, कुठं चावत होता ते."

मारिकिना शहरातल्या बुटांच्या कारखान्यातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीचा हा आवाज, चाळीस वर्षांपूर्वीचा. कारखाना गेला, मिस्त्री गेला. आवाज तेवढा आबेलार्दोच्या कानात राहिला आणि बुटांवरून व्हेपच्या, म्हणजे विजेवरच्या सिगारेटच्या, कॉइलवर येऊन बसला.

दारातल्या टेबलावर पंखा दुपारचा गरम वारा ढकलत होता. आबेलार्दोनं सकाळपासूनची सातवी कॉइल बांधली. बारीक सळईभोवती तारेचे सहा वेढे, चिमट्यानं आवळलेले, मध्ये केसाचीही फट नाही. ती व्हेपमध्ये बसवून बटण दाबलं. तार मधोमध लाल झाली आणि लाली दोन्ही कडांना सारखी पसरली, उजाडल्यासारखी. खोट कुठंच नव्हती. मग वेढ्यांतून कापूस ओवला, ना घट्ट ना सैल, आणि ठेंगण्या बाटलीतला आंब्याचा अर्क त्यावर थेंब थेंब सोडला.

ही बाटली कॉइल पारखण्यासाठीची. तार बदलेल, कापूस बदलेल, बाटली बदलायची नाही; नाहीतर कॉइल कशावर जोखायची? अर्क त्याची बायको लिगाया स्वयंपाकघरात मिसळायची. ग्लिसरीन, आंबा, निकोटिनचे मोजके थेंब. दर रविवारी चर्चमधून आली की बाटली भरून टेबलावर ठेवायची.

त्यानं झुरका घेतला. डोळे मिटले. वाफ नाकातून हळूच सोडली.

"तेच," तो म्हणाला. "उकडलेला कापूस."

समोर बसलेल्या गोरियोनं मान हलवली. तो आबेलार्दोच्या थोरल्या मुलीचा धर्मपिता, म्हणून दोघं एकमेकांना 'पारे' म्हणत. आज तो आबेलार्दोची हत्यारांची पेटी न्यायला आला होता, आपल्या जावयासाठी; आबेलार्दो काम सोडत होता.

"कापूस नीट धुतला नसशील, पारे."

"धुतला. उकळला. मग नवाच आणला. त्याआधी तार बदलली, तिचं तेल जाळून काढलं. स्क्रू घासले. तीन महिने एकेक बदलतोय. आता बदलायचे राहिले हे दोन." त्यानं पंजे वर केले.

"गिऱ्हाईक तर कुरकुरत नाही."

"गिऱ्हाईक म्हाताऱ्याचं मन राखतं. काल तो तीनचाकीवाला म्हणतो, 'झकास आहे, तातांग!' आणि माझ्या तोंडात उशी."

"बघू, मला दे." गोरियोनं ओढलं. "गोड आहे की."

"गोड आहेच. पण त्या गोडाला चावा होता, पारे. घशाशी मिरीसारखं लागायचं. ते गेलं कुठं?"

"मला काय विचारतोस? बावीस वर्षं सुकी मासळी विकतोय. मला माझी बायकोसुद्धा खारट लागते."

आबेलार्दो हसला नाही. लिगाया कॉफीचे पेले घेऊन दारात आली आणि तिथंच थांबली.

"आजचा दिवस राहू दे की," ती म्हणाली. "पेटी काय, उद्याही जाईल."

"उद्या काय वेगळं होणार आहे? काल सुईत दोरा ओवायला तुलाच हाक मारली ना मी?"

"ते डोळे होते."

"डोळे, हात, जीभ. एका घरची भावंडं. एक निघालं की बाकीची चप्पल शोधायला लागतात."

तो चिमटे पुसून एकेक पेटीत ठेवू लागला. सळया, तारेची रिळं, कात्री. घाई नव्हती. प्रत्येक वस्तू ठेवताना तो तिच्यावर बोट टेकवून जरा थांबत होता.

"मग सकाळी काय करणार तू?" गोरियोनं विचारलं.

"बसेन."

"कुठं?"

"इथंच. नुसता."

गोरियोनं कॉफी संपवली. पेटीचं झाकण लागलं. आबेलार्दोनं दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले, कुणी सांभाळायला दिल्यासारखे, आणि तो त्यांच्याकडे बघत राहिला.

गोरियो उठला. त्यानं पेटीची कडी धरली. लिगायानं पुढं येऊन झाकणावर तळवा ठेवला.

"खाली ठेव, गोरियो."

"अगं, त्यानंच दिलीय."

"ठेव म्हणते ना."

गोरियोनं पेटी ठेवली. लिगाया नवऱ्याकडे बघत नव्हती. तिनं हात झग्याला पुसले, पुन्हा पुसले.

"छातीचा फोटो बघून डॉक्टर काय म्हणाले होते?"

"सिगारेट सोड म्हणाले. सोडली. त्याचं आता काय?"

"निकोटिनही सोड म्हणाले होते. तू म्हणालास, ते मेल्यावरच सुटेल."

"मग?"

"मग मी दर रविवारी एक थेंब कमी घालत गेले."

पंखा फिरत होता. आबेलार्दोनं मान वर केली.

"तो चावा निकोटिनचाच होता. ईस्टरपासून बाटलीत नुसता आंबा आहे, आबे," लिगाया म्हणाली. "तू रोज हातांना बोल लावायचास आणि मी आत भांडी घासत ऐकायचे. हात बरे आहेत तुझे. ते कधी चुकलेच नाहीत."